तणनाशकाने तण मरते, मग ऊस का मरत नाही?



टू-फोर-डी मारले की माठ, घोळ, गाजरगवत वाकडेतिकडे होऊन जळून जाते. ऊस मात्र तसाच उभा राहतो. औषध उसाला ओळखते, असे पुष्कळांना वाटते. पण औषध कुणालाच ओळखत नाही. ते उसाच्या आतही शिरते. फरक एवढाच की ऊस ते आत गेल्यावर मोडून टाकतो आणि तणाला ते वेळेत जमत नाही. हे मोडण्याचे काम कुठे व कसे चालते, ते समजून घेतले तर फवारणीतल्या बऱ्याच चुका टळतील.

ऊस असो, तण असो की माणूस, प्रत्येकाचे शरीर पेशींचे असते. पेशीभोवती पातळ पटल असते आणि पेशीच्या आतही पटलांचे जाळे पसरलेले असते. शाळेच्या पुस्तकात त्याला आंतर्द्रव्यजालिका म्हणतात. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातल्या चार-पाच भागांइतकीच या पटलाची जाडी! ते मुख्यतः स्निग्ध पदार्थाचे असते. बरीचशी विषेही तेलकट असतात. तेलाचा हात नुसत्या पाण्याने निघत नाही, हे आपण जाणतोच. तसे हे विष पेशीतल्या पाण्यात न राहता पटलात जाऊन मुरते.

म्हणून विष मोडणारे कामगारही तिथेच बसवलेले आहेत. या कामगारांना विकरे, म्हणजेच एन्झाइम म्हणतात. त्यांतल्या एका मोठ्या कुळाचे नाव सायटोक्रोम पी-४५०. हे नाव १९६२ साली ओमुरा व सातो या जपानी शास्त्रज्ञांनी दिले. माणसात या कुळाची ५७ जनुके आहेत, तर भातासारख्या पिकात ३०० हून अधिक. झाडाला पळून जाता येत नाही. जे अंगावर येईल ते जागेवरच पचवावे लागते.

हे विकर पटलाला कसे धरून राहते? त्याची साखळी सुमारे ५०० दुव्यांची असते. सुरुवातीचे वीसेक दुवे तेलाशी जमणारे असतात. ते खुंटीसारखे पटलात रुततात. बाकीचे अंग पटलाबाहेर राहते, पण बूड थोडे पटलात बुडालेले असते आणि आत जाण्याची एक वाट पटलाच्या बाजूनेच उघडते. आपल्या कारखान्यात मिल जागेवर असते आणि ऊस गव्हाणीतून तिच्या तोंडाशी येतो, तसेच हे. त्याला इलेक्ट्रॉन पुरवणारे जोडीदार विकरही त्याच पटलात रुतलेले असते. दोघे एकाच पटलावर सरकत असल्याने त्यांची गाठ लवकर पडते.

पहिला कामगार विषाला ऑक्सिजनची कडी लावतो. दुसरा त्या कडीला साखर अडकवतो. मग ते विष पाण्यात विरघळू लागते आणि सहज पटलात परत जाऊ शकत नाही. शेवटी पेशीतल्या रिक्तिकेच्या पटलावरचे पंप ते आत ढकलतात व तिथे कोंडून ठेवतात. गवतवर्गी पिके टू-फोर-डी सोसतात, त्याचे हे एक मोठे कारण. अ‍ॅट्राझीनला मात्र पहिली पायरी लागत नाही. ऊस, मका, ज्वारी त्याला थेट ग्लुटाथायोन जोडतात. हे काम करणारे विकर मक्यात सापडल्याचे १९७० साली अमेरिकेत फ्रीअर व स्वॅन्सन यांनी प्रसिद्ध केले. ते मुख्यतः पटलाबाहेर, पेशीतल्या पाण्यात असते.

आता यातून आपण काय घ्यायचे ते बघा.

१) पचवायला ताकद लागते. पाणी साचून पिवळा पडलेला किंवा थंडीने गारठलेला ऊस औषध हळू मोडतो. अशा उसावर फवारणी करू नये. वाफसा येऊन ऊस सावरू द्यावा.

२) सोयाबीन, कांदा ही आंतरपिके अ‍ॅट्राझीन उसासारखे पचवू शकत नाहीत. आंतरपीक घ्यायचे असेल तर अ‍ॅट्राझीन नको. टू-फोर-डीचे तुषार वाऱ्याने शेजारच्या द्राक्षबागेत किंवा कपाशीत गेले तर मोठे नुकसान होते.

३) तणनाशकात मनाने कीटकनाशक मिसळू नये. गंधक असलेली काही फॉस्फरसयुक्त कीटकनाशके मोडताना सुटणारे गंधक पी-४५० लाच चिकटून त्याला निकामी करते. अमेरिकेत मक्याला टर्बुफॉस देऊन वर निकोसल्फ्युरॉन हे तणनाशक मारल्यावर खुद्द मक्यालाच इजा झाली.

४) ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची. "मला औषध बाधत नाही, सवय झाली आहे," असे फवारणारे गडी सांगतात. हे खरे नाही. आपल्या यकृतातही पी-४५० आहे, पण क्लोरपायरिफॉससारख्या औषधाची मोडतोड करताना तेच त्यातले गंधक काढून ऑक्सिजन बसवते आणि मुळापेक्षा जहाल विष तयार होते. त्यातले बरेचसे पुढे मोडले जाते, पण उरलेले मज्जातंतूंच्या कामातले एक जरुरीचे विकर बंद पाडते. ते पूर्ववत व्हायला कित्येक आठवडे लागू शकतात. तोवर पुन्हा फवारणी केली की भर पडतच जाते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास माणसे दगावली, हे विसरू नये.

औषध तेलकट असल्याने ते कातडीतूनही आत जाते. म्हणून हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि तोंडाला मास्क हवाच. वाऱ्याच्या विरुद्ध फवारू नये. अंगावर औषध सांडले तर कपडे काढून साबण-पाण्याने लगेच धुवावे. घाम, मळमळ, अंधारी सुरू झाल्यास दूध-ताकावर वेळ घालवू नये. औषधाच्या डब्यासह थेट दवाखाना गाठावा. फोरेट ३१ डिसेंबर २०२० पासून बंद आहे. जुनी पुडी खोपीत असेल तर ती वापरू नये.

सभासदांनी फवारणीपूर्वी औषधाचा डबा गट कार्यालयात आणून दाखवावा. मात्रा व वेळ समजावून सांगण्याची जबाबदारी शेतकी खात्याची आहे. शिवाय ज्या गड्याच्या पाठीवर पंप देणार आहोत, त्याला हा लेख वाचून दाखवावा, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी