व्हेंटिलेटरवरील रुग्णाची गुंगी

अतिदक्षता विभागातील रुग्णाचे नातेवाईक मला एक प्रश्न हमखास विचारतात, "डॉक्टरसाहेब, आमचा माणूस डोळे उघडत नाही. तो बेशुद्ध आहे का?" पुष्कळदा त्याला मुद्दाम गुंगीत ठेवलेले असते. श्वासनलिकेत घातलेली नळी पूर्ण जागेपणी सहन होणे कठीण. रुग्ण खोकतो, नळी ओढू पाहतो, यंत्राच्या श्वासाशी त्याचा श्वास जुळत नाही.

ही गुंगी आपल्याकडे सहसा शिरेतून देतात. मिडाझोलाम व प्रोपोफॉल ही त्यातील नेहमीची औषधे. यकृत व मूत्रपिंडे मंदावली असतील तर मिडाझोलाम शरीरात साचते आणि बंद केल्यावरही रुग्ण लवकर जागा होत नाही.

दुसरा मार्ग श्वासाचा. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनमध्ये विल्यम मॉर्टन यांनी ईथर हुंगवून शस्त्रक्रियेसाठी भूल दिली. आजची आयसोफ्लुरेन व सेव्होफ्लुरेन ही औषधे त्याच कुळातील. नळी आणि व्हेंटिलेटर यांच्यामध्ये एक लहान उपकरण बसवतात. त्यात औषधाची वाफ होते. उच्छ्वासाबरोबर येणारी बरीचशी वाफ त्यातील कार्बनचा थर धरून ठेवतो व पुढच्या श्वासात परत देतो. औषध मुख्यतः फुप्फुसांवाटेच बाहेर पडते, त्यामुळे ते थांबवल्यावर रुग्ण सहसा लवकर शुद्धीवर येतो.

मग हे सर्वांनाच का देत नाहीत? जर्मनी व स्लोव्हेनियातील ३०१ रुग्णांचा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यात गुंगीसाठी आयसोफ्लुरेन हे प्रोपोफॉलच्या तोडीचे ठरले. मात्र फ्रान्समध्ये फुप्फुसे गंभीररीत्या निकामी झालेल्या ६८७ रुग्णांच्या अभ्यासात (२०२५) उलटे दिसले. ९० दिवसांनी सेव्होफ्लुरेन दिलेल्यांपैकी शेकडा सुमारे ४७ रुग्ण हयात होते, प्रोपोफॉल दिलेल्यांपैकी शेकडा सुमारे ५६. तेव्हा औषधाची निवड रुग्ण पाहूनच करावी लागते.

नातेवाईकांनी दोन गोष्टी जरूर कराव्यात. रक्ताच्या नात्यात कोणाला भूल दिल्यावर अंग ताठ होऊन तीव्र ताप चढला असेल, तर ते डॉक्टरांना आधीच सांगावे. हा दोष आनुवंशिक असतो आणि अशा व्यक्तीला ही वाफ प्राणघातक ठरू शकते. दुसरे, "आज गुंगी कमी करता येईल का?" असे रोज विचारावे. गरजेपेक्षा गाढ गुंगीने व्हेंटिलेटरवरचे दिवस वाढतात. या प्रश्नाचा कोणताही चांगला डॉक्टर राग मानणार नाही.