अडकलेला बॉल जॉइंट

नट सैल केला तरी बॉल जॉइंट सुटत नाही, याचा दोष सगळे गंजाला देतात. गंज भर घालतो, पण खरी पकड आकाराची असते. जॉइंटचा दांडा निमुळता, स्टिअरिंग नकलमधलं भोकही तसंच. नट आवळला की दांडा पाचरीसारखा रुतून बसतो. म्हणून वरून दांड्यावर घाव घालणं मला चुकीचं वाटतं. त्याने आट्यांचं तोंड पसरतं, पाचर मात्र जागची हलत नाही. घाव घालायचा तो नकलच्या कानावर, बाजूने. त्या धक्क्याने भोक क्षणभर किंचित आकार बदलतं आणि पकड सुटते. सस्पेन्शनच्या आर्मवर खाली ओढणारा ताण असेल तर दोन-चार नेमके घाव पुरतात.

फोर्क ठोकला की काम झटपट होतं, असं कुणी म्हणेल. होतं खरं, पण फोर्क रबरी बूट फाडतो. जॉइंट बदलायचाच असेल तर हरकत नाही, तोच परत बसवायचा असेल तर पुलर बरा. नकल अॅल्युमिनियमची असेल तर हातोडा नकोच, तिथेही पुलरच. (काही छोट्या गाड्यांत दांडा सरळ असून आडव्या बोल्टने आवळलेला असतो, तिथे आधी तो बोल्ट काढायचा.) गॅसची ज्योत लावली तर बूट आणि ग्रीस दोन्ही जळतात.

गाडी नुसत्या जॅकवर ठेवू नका, स्टँड लावा. आणि नट पूर्ण काढू नका, चार आटे राहू द्या. स्प्रिंगचा जोर असलेला आर्म सुटला तर हात मोडतो.