पेट्रोलचा वास आला, तर बोट हलवू नका



नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांत नर्मदाकाठच्या अनेक पाड्यांना सरदार सरोवराच्या पाण्यामुळे बोटीवाचून सोयीची वाट उरलेली नाही. आपल्या देणगीवर चालणारी आरोग्यफेरीही याच पाण्यावरून जाते.

मागच्या पावसाळ्यात एका पहाटे तापाने फणफणलेले लेकरू घेऊन एक आई काठावर आली. बोटीत पेट्रोलचा उग्र वास येत होता. नावाडीदादांनी इंजिनाच्या दोरीला हात घातला, तोच सिस्टर म्हणाल्या, "थांबा दादा, आधी सगळ्यांना उतरवा." इंधनाच्या नळीला जोडाजवळ चीर गेली होती आणि फळ्यांखाली पेट्रोल साचले होते. दुरुस्तीत अर्धा तास गेला. लेकरू सुखरूप पोहोचले. पण आदल्या संध्याकाळी नळी तपासली असती, तर तो अर्धा तास वाचला असता.

वासाला एवढे का जपायचे? पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. ती उडून न जाता बोटीच्या तळाशी साचते. हवेत तिचे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास असले, तरी एक ठिणगी पुरते. ती ठिणगी विडीची असेल, बॅटरीच्या तारेची असेल किंवा इंजिन सुरू करतानाची असेल. शिवाय नाकाला वासाची लवकर सवय होते. म्हणून "आता वास गेला" यावर विसंबू नये.

वास आला तर:
- इंजिन, दिवा, पंप कशालाही हात लावू नका. विडी, चूल विझवा.
- माणसांना काठावर उतरवा.
- फळ्या उचलून वारा खेळू द्या. सांडलेले पेट्रोल फडक्याने टिपा, नदीत ढकलू नका. ती फडकी आगीपासून दूर, उघड्यावर वाळवा.
- गळती सापडून बंद झाल्यावर आणि तळ कोरडा झाल्यावरच निघा.

वास येऊच नये म्हणून:
- सुटी टाकी बोटीतून उतरवून, जमिनीवर ठेवून भरा. काठोकाठ भरू नका, उन्हात पेट्रोल फुगते.
- नळी, तिच्यावरचा रबरी फुगा आणि क्लिपा दर आठवड्याला तपासा. रबर कडक किंवा चिकट झाले असेल, तर नळी बदला.
- ड्राय पावडरचे अग्निशामक हाताशी ठेवा. पेट्रोलच्या आगीवर पाणी ओतू नका. पेट्रोल पाण्यावर तरंगते आणि आग पसरते.

आपल्या देणगीतून यंदा नव्या नळ्या आणि अग्निशामक घ्यायचे आहेत. औषधांच्या यादीत या वस्तू शोभत नाहीत, पण औषध रुग्णापर्यंत पोहोचते ते यांच्याच भरवशावर. पहाटे बोट सोडणाऱ्या आपल्या नावाड्यांची प्रार्थनेत आठवण ठेवा.