सैंधव रोजच्या डब्यात, पण आयोडीनचं काय?

उपवासापुरतं वापरलं जाणारं सैंधव आता अनेक घरांत रोजच्या भाजी-आमटीत पडू लागलं आहे. 'नैसर्गिक आहे, बीपीला चांगलं' हा त्यामागचा युक्तिवाद. प्रत्यक्षात सैंधवही मुख्यतः सोडियम क्लोराइडच असतं. बीपीसाठी डॉक्टर सांगतात ते मीठ कमी करायला; ऐकलं जातं ते मीठ बदलायला. या बदलात सुटतं ते आयोडीन.

शरीराची गरज किती?

प्रौढ व्यक्तीला दिवसाला साधारण १५० मायक्रोग्रॅम, म्हणजे आयुष्यभरात जेमतेम एक चमचा. थायरॉइड ग्रंथी यातूनच हार्मोन तयार करते. आयोडीन कमी पडलं की ती फुगते, हाच गलगंड. पण खरा धोका गळ्यावर दिसत नाही. गरोदरपणात तीव्र कमतरता राहिली, तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते आणि हे नुकसान नंतर भरून निघत नाही. गरोदरपणात गरजही वाढून २२० ते २५० मायक्रोग्रॅमवर जाते.

समुद्राच्या मिठात असतंच ना?

हा गैरसमज आकडेमोडीतच गळून पडतो. एक लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, आयोडीन मात्र ५०-६० मायक्रोग्रॅम. ते सगळं मिठात उतरलं असं धरलं, तरी दिवसाच्या पाच ग्रॅम मिठातून दहा मायक्रोग्रॅमही मिळत नाही. म्हणून मिठागरातल्या साध्या खड्यांच्या मिठावरही विसंबता येत नाही.

मिठातच का मिसळलं?

कारण मीठ श्रीमंत-गरीब सगळेच खातात, तेही रोज. हिमाचलमधल्या कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांच्या चमूने काही भागांत आयोडीनयुक्त, तर एका भागात साधं मीठ दिलं. काही वर्षांत आयोडीनच्या भागांतला गलगंड लक्षणीय घटला. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. खाण्यासाठी साधं मीठ विकण्यावरची देशव्यापी बंदी २००० मध्ये उठवली गेली आणि २००६ मध्ये पुन्हा लागू झाली.

घरी काय पाहावं?

पाकिटावर 'आयोडीनयुक्त' लिहिलेलं आहे का, ते पाहा. नियमानुसार ग्राहकाच्या हातात पडताना मिठात किमान १५ पीपीएम आयोडीन हवं. ओल आणि उष्णतेने ते कमी होतं, त्यामुळे बरणी शेगडीजवळ नको, झाकण घट्ट हवं. उपवासाला सैंधव खुशाल वापरा. थायरॉइडचा त्रास असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मीठ बदलू नका. घरात कुणी गरोदर असेल, तर आज रोजच्या मिठाचं पाकीट तपासाच.