बऱ्हाणपूर कसें पाहावें

तापीखोऱ्यांतून जाणाऱ्या लोहमार्गावर नवापूर व नंदुरबार यांच्या दरम्यान चिंचपाडा नांवाचें लहानसें स्थानक आहे. तेथून पूर्वेकडे निघालें, म्हणजे नंदुरबार, अमळनेर, जळगांव मागें टाकीत आपण भुसावळास येतों, आणि तेथून खंडव्याच्या रोखानें गेलें कीं तापीकांठचें बऱ्हाणपूर लागतें. आज तें मध्यप्रदेशांत मोडत असलें, तरी खानदेशच्या फारुकी सुलतानांची ती राजधानी होती. तेव्हां महाराष्ट्रीय कुटुंबांनीं तें एकदां पाहावें. मात्र तें कसें पाहावें, याविषयीं दोन शब्द सांगतों.

पहिली गोष्ट वेळेची. उन्हाळ्यांत तेथील फरशी इतकी तापते कीं, अनवाणी पाऊल टेकवणें कठीण. म्हणून कार्तिक ते माघ हे महिने उत्तम. जामा मशिदीचें दर्शनी अंग पूर्वाभिमुख आहे. त्याच्या पंधरा कमानी व दोन मिनार कोवळ्या उन्हांत फार शोभून दिसतात. म्हणून तेथें सकाळीं जावें. नमाजाच्या वेळा, विशेषतः शुक्रवारची दुपार, टाळावी.

दुसरी गोष्ट वर्तनाची. ही मशीद म्हणजे कांहीं ओसाड अवशेष नव्हे. तेथें आजही रोज प्रार्थना होते. म्हणून आपण पाहुण्याच्या नात्यानें आंत जावें. दाराशीं असलेल्या मंडळींस विचारावें, पादत्राणें बाहेर ठेवावीं, पुरुषांनीं टोपी वा रुमाल व स्त्रियांनीं पदर डोक्यावर घ्यावा. नमाज पढणाऱ्याच्या समोरून जाऊं नये आणि परवानगीवांचून छायाचित्र घेऊं नये.

असें शांतपणें गेल्यास एक विलक्षण वस्तु पाहावयास मिळते. राजा अली खान ऊर्फ आदिलशाह फारुकी यानें बांधविलेल्या या मशिदींत अरबी लेखाबरोबर एक संस्कृत लेखही कोरलेला आहे. आरंभीं सृष्टिकर्त्यास नमन, मग फारुकी वंशावळ, आणि शेवटीं संवत १६४६, शके १५११ असा पंचांगाच्या रीतीनें दिलेला काळ. म्हणजे इसवी सन १५८९-९० च्या सुमारास, मुसलमान राजानें आपल्या प्रार्थनामंदिराच्या भिंतीवर आपल्या प्रजेच्या विद्येची भाषा लिहविली. घाईघाईनें आलेला प्रवासी मिनार मोजतो आणि हें न पाहतांच परततो. अक्षरें नीट दिसावींत म्हणून खडू फांसणें किंवा ओलें फडकें फिरवणें मात्र कटाक्षानें टाळावें. चारशें वर्षें टिकलेलें अक्षर अशा हौसेनेंच झिजतें.

तिसरी गोष्ट क्रमाची. मशिदीनंतर नदीकांठचा शाही किल्ला पाहावा. तेथील हमामाच्या छतावर जुनी रंगीत चित्रें आहेत. त्यांस हात न लावतां लहानशा विजेरीच्या उजेडांत तीं न्याहाळावींत. बऱ्हाणपुरांतच १६३१ च्या जून महिन्यांत मुमताजमहल वारली. तापीपलीकडील जैनाबादच्या आहुखान्यांत तिचा देह कांहीं महिने ठेवला होता, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तो आग्र्यास नेण्यांत आला. पुरंदरच्या तहांतील मिर्झाराजे जयसिंग हेही १६६७ सालीं येथेंच निवर्तले. त्यांची छत्री शहराबाहेर आहे.

कुंडी भंडारा शेवटीं ठेवावा. अब्दुल रहीम खानखानान याच्या काळीं, सुमारें १६१५ सालीं, सातपुड्याच्या पायथ्याचें झिरपतें पाणी भुयारानें, केवळ उताराच्या बळावर, शहरांत आणलें गेलें. या भुयारावर शंभराहून अधिक कुंड्या आहेत. तेथें लहान मुलांचा हात सोडूं नये.

दोन दिवस हातीं ठेवा, मुलांस बरोबर न्या, आणि त्या संस्कृत लेखासमोर त्यांना क्षणभर उभें करा. कोणत्या राजानें, कोणत्या मंदिरांत, कोणत्या भाषेंत लिहविलें, एवढेंच सांगा. पुढचें तीं आपणच विचारतील.