बाळंतविड्यातली बाहुली : डोळे दोऱ्याचेच हवेत

लेक बाळंतपणासाठी माहेरी आली की वऱ्हाडातल्या घरांत बाळंतविड्याची तयारी सुरू होते. झबली, दुपटी, कुंची, टोपडी, पायमोजे आणि पाळण्यावर टांगायचे चिमणाळे. यातले बरेचसे अजूनही आजी, मावशी, काकू घरीच करतात. अलीकडे त्यात क्रोशाने विणलेल्या, आत कापूस भरलेल्या बाहुलीची भर पडली आहे. ही मूळची जपानी पद्धत. तिला 'अमिगुरुमी' म्हणतात. मोबाईलवर पाहून ससे, हत्ती आणि कासवे विणणाऱ्या हौशी बायका आता अमरावती-अकोल्यातही भेटतात.

छंद चांगला आहे. अशी बाहुली हलकी असते, तिला टोकदार कडा नसतात, धुता येते आणि बाळाच्या मुठीत सहज मावते. पण हाताने केलेले म्हणजे सुरक्षितच, हा आपला समज तेवढा खरा नाही. केंद्र सरकारच्या २०२० च्या आदेशानुसार १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले. त्यासाठी खेळणे ओढून, पिळून, आपटून तपासले जाते. आजीने नातवासाठी विणलेला ससा अशा कुठल्याच तपासणीतून जात नाही. म्हणून विणणारीनेच तपासनीस व्हायला हवे.

डोळे, मणी आणि घुंगरू

तीन वर्षांखालचे मूल प्रत्येक वस्तू तोंडात घालून पाहते. ती त्याची शिकण्याची रीतच आहे. सुमारे ३२ मिलिमीटर, म्हणजे सव्वा इंच व्यासाच्या नळीत पूर्ण मावेल असा कोणताही सुटा तुकडा या वयासाठी धोक्याचा मानतात. बाहुलीचे प्लास्टिकचे डोळे, शर्टाची बटणे, मणी, टिकल्या, घुंगरू हे सगळे त्याहून लहान असते. दुकानात 'सेफ्टी आय' नावाने मिळणाऱ्या डोळ्यांना मागून चकती असते खरी, पण क्रोशाचे विणकाम ताणले की डोळा चकतीसकट टाक्यातून बाहेर येऊ शकतो. तेव्हा तीन वर्षांखालच्या मुलासाठी डोळे, नाक, तोंड दोऱ्यानेच भरावे.

बाहुली बसती राहावी म्हणून काही जणी तिच्या बुडाशी तांदूळ किंवा राजमा भरतात. तेही नको. टाका उसवला की दाणे बाहेर येतात आणि श्वासनलिकेत गेलेला दाणा ओल धरून फुगतो.

टाका घट्ट, दोरा बंद

अंगासाठी मुका खांब वापरावा आणि सुई नेहमीपेक्षा एक नंबर बारीक घ्यावी. विण दोन्ही हातांनी ताणली तरी आतला कापूस दिसता कामा नये. हात, पाय, कान नुसते टाचू नयेत. दोन-तीन फेऱ्या शिवावेत. शक्य असेल तर ते अंगासोबतच विणावेत. शेवटचा दोरा गाठीपाशी कापू नये. वीतभर ठेवून वेगवेगळ्या दिशांनी आत फिरवावा. मग सगळी बाहुली जोराने ओढून आणि पिळून पाहावी. हाताशी काही सुटून आले, तर ते बाळाच्या हाती येण्याआधी आले म्हणून समाधान मानावे.

मोजे आणि हातमोजे उलटे करूनही पाहावेत. आतला सुटा दोरा किंवा आईचा गळलेला केस बाळाच्या बोटाभोवती गुंडाळला जातो, हळूहळू आवळतो आणि रक्तपुरवठा तोडतो. बाळ सांगू शकत नाही, फक्त रडते. दूध पाजून, कडेवर घेऊनही रडे थांबत नसेल, तर कपडे काढून हातापायांची वीसही बोटे पाहावीत. एखादे बोट सुजून लाल-निळे झाले असेल, तर तडक दवाखाना गाठावा. उशीर झाल्यास बोट गमवावे लागू शकते.

धागा आणि पाळणा

आपण ज्याला लोकर म्हणतो ती बहुधा अ‍ॅक्रिलिक असते. ती घाम शोषत नाही आणि दिव्याची ज्योत लागली तर वितळून कातडीला चिकटते. केसाळ लोकरीचे तंतू बाळाच्या तोंडात जातात. आपण तर कापसाच्या मुलखात राहतो. सुती धागा घ्यावा, त्याचा रंग जात नाही ना हे पाहावे आणि वस्तू धुऊनच बाळाला द्यावी.

बाळ झोपले की बाहुली पाळण्याबाहेर ठेवावी. पहिले वर्षभर झोपेच्या जागी मऊ खेळणे नको आणि डोक्याला आकार यावा म्हणून ठेवतात ती मोहरीची उशीही नको. तोंडावर आले तर ते दूर सारण्याचे बळ बाळात नसते. चिमणाळे हात पोहोचणार नाही इतके उंच टांगावे. बाळ हातांवर रेटा देऊन उठू लागले, म्हणजे साधारण पाचव्या महिन्यात, ते उतरवावे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. बाळ जादा उष्णता डोक्यावाटे टाकत असते. त्या दिवसांत घरात विणलेले टोपडे कशाला?

अडकलेच तर

बाळ खोकत किंवा रडत असेल तर त्याला खोकू द्यावे. आवाज बंद झाला आणि चेहरा निळा पडू लागला, तर एक वर्षाखालच्या बाळाला हातावर पालथे घ्यावे, डोके खाली ठेवावे आणि दोन्ही खांद्यांच्या मध्ये ५ थापा माराव्यात. मग उताणे करून छातीच्या मध्यभागी ५ वेळा दाबावे. वस्तू निघेपर्यंत हेच आलटून पालटून करावे. दुसऱ्याला १०८ वर फोन करायला सांगावे. वस्तू दिसत नसताना घशात बोट घालू नये. ती आणखी आत जाते.

विकायचे आणि द्यायचे

बचत गटाने खेळणी विकायला काढली, तर त्यांना आयएसआयचा नियम लागू होतो. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी केलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे. चिन्हाला सूट मिळते, बाळाच्या घशाला नाही. वरची काळजी सर्वांनाच सारखी.

डेन्मार्कमध्ये २०१३ पासून अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी क्रोशाचे ऑक्टोपस विणून देण्याची चळवळ सुरू झाली आणि जगभर पसरली. त्याने बाळाची प्रकृती सुधारते, याचा ठोस पुरावा नाही. पण त्यांची शिस्त घेण्यासारखी आहे : धागा पूर्ण सुती, ६० अंशांच्या पाण्यात धुता येणारा आणि ताणलेला पाय २२ सेंटिमीटरपेक्षा लांब नाही.

पुरावा आहे तो कांगारू मातृसेवेला, म्हणजे बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरण्याला. मेळघाटासह आपल्या भागातल्या कमी वजनाच्या बाळांचा जीव त्याने वाचतो. तेव्हा बाळाच्या अंगावर फक्त टोपडे, मोजे आणि लंगोट असतो, कारण इतके लहान बाळ स्वतःची ऊब राखू शकत नाही. क्रोशाची सुई हाती असेल आणि कोणासाठी विणावे हा प्रश्न असेल, तर जवळच्या सरकारी रुग्णालयाच्या नवजात कक्षातल्या सिस्टरांना विचारावे, माप घ्यावे आणि बंद नसलेले, आत सुटा दोरा नसलेले सुती टोपडे विणावे.