मोडीतून वाचलेला खजिना

दोन पाय आहेत, पण चालत नाही. तोंड आहे, पण बोलत नाही. दिवसभर सुपारी फोडतो, पण एक खांड खात नाही. ओळखा पाहू!

बरोबर, अडकित्ता! आजी-आजोबांच्या पानाच्या डब्यात तो हमखास असायचा. कुणाचा साधा लोखंडी, तर कुणाचा पितळी, वर मोर नाहीतर पोपट बसवलेला. पुढे घरातलं पान-सुपारीचं तबक गेलं आणि अडकित्ता माळ्यावर जाऊन बसला. तिथून एखाद्या दिवाळीच्या साफसफाईत तो थेट भंगारवाल्याच्या तराजूत जातो. तिथे भाव मिळतो तो वजनाला. त्यावरच्या मोराला आणि तो घडवणाऱ्या हाताला भाव शून्य! मग भट्टी पेटते आणि मोराचा पुन्हा पितळेचा गोळा होतो.

दोस्तांनो, हा गोळा होण्याआधी कुणीतरी मध्ये हात घालायला हवा. तो हात तुमचाही असू शकतो, बरं का!

राजे नव्हते, पण खजिना होता

पुण्यात बाजीराव रस्त्याजवळ ‘राजा दिनकर केळकर संग्रहालय’ आहे. नावावरून वाटेल, केळकर कुठले तरी राजे असतील. छे! दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांच्या घरी चष्म्यांचा व्यवसाय होता. शिवाय ते ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत. राजा हे त्यांच्या मुलाचं नाव. तो लहानपणीच वारला. त्याच्या आठवणीसाठी वडिलांनी संग्रहाला त्याचं नाव दिलं.

साधारण १९२० पासून केळकरांनी वस्तू जमवायला सुरुवात केली. पत्नी कमलाबाईंची साथ होती. गावोगाव हिंडायचं, जुन्या वाड्यांतून, बाजारांतून वस्तू शोधायच्या आणि पदरचे पैसे मोजून घ्यायच्या. काय घेतलं त्यांनी? दिवे, अडकित्ते, कुंकवाचे करंडे, दौती, फण्या, पाय घासायच्या वज्री! म्हणजे ज्या वस्तू लोक रोज वापरत आणि जुन्या झाल्या की टाकून देत, त्याच. वस्तूंची संख्या वीस हजारांच्या घरात गेली. १९७५ मध्ये त्यांनी हा सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. विकला असता तर केवढे पैसे आले असते! पण मग तो घरोघरच्या कपाटांत विखुरला असता आणि तुम्हा-आम्हाला बघायला मिळाला नसता.

दुसरा तसाच का मिळत नाही?

जुन्या पितळी दिव्याची जोडी शोधायला जाल, तर हुबेहूब तसाच दिवा मिळणं कठीण. कारण ओतकामाची जुनी रीत. आधी मेणाची वस्तू घडवायची. तिच्यावर मातीचे थर द्यायचे. माती भाजली की मेण वितळून भोकातून वाहून जातं आणि आत वस्तूच्या आकाराची पोकळी उरते. तिच्यात वितळलेला धातू ओतायचा. धातू थंड झाला की मातीचा साचा फोडायचा. साचाच फुटला, मग दुसरी वस्तू त्यातून कशी निघणार? चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात ही रीत वर्णन केलेली आहे. छत्तीसगडमधल्या बस्तरचे कारागीर आजही अशाच रीतीने हत्ती-घोडे घडवतात. म्हणून भट्टीत गेलेली अशी वस्तू गेली ती कायमचीच.

जुनी की ‘जुनी केलेली’?

जुन्या वस्तूंच्या बाजारात हौशी गिऱ्हाईक दिसलं की दुकानदार म्हणणारच, “शंभर वर्षांची आहे, घ्या!” पण नवी वस्तू मातीत पुरून किंवा आम्ल लावून काळी करणारे महाभागही असतात. मग ओळखायचं कसं?

झीज बघा. अडकित्ता हातात धरला की अंगठा जिथे टेकतो तिथे तो गुळगुळीत झालेला असेल. खिळ्यापाशी थोडा सैल झालेला असेल. मोराच्या तुऱ्यासारखे वर आलेले भाग घासलेले आणि खोबणीत मळ, हे वापराचं लक्षण. सगळीकडे सारखाच काळा रंग दिसला, की समजा काहीतरी गडबड आहे.

खिशात एक लोहचुंबक ठेवा. पितळेला तो चिकटत नाही. ‘पितळी’ दिव्याला चिकटला, तर आत लोखंड आहे आणि वर नुसता मुलामा!

आणि घरी आणल्यावर चिंचेने घासूनपुसून लख्ख करू नका. रोजच्या भांड्यांना ते ठीक. जुन्या वस्तूवरची काळसर झाक हेच तिचं वय. मऊ, कोरड्या कापडाने पुसा, बास!

नव्या वस्तूही चालतात

संग्रह जुन्याचाच हवा, असं कुणी सांगितलं? सावंतवाडीची गंजिफा बघा. हे गोल, हाताने रंगवलेले पत्ते. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा संच, प्रत्येकात बारा, म्हणजे १२० पत्ते. छापील पत्ते आले आणि ही कला जवळजवळ संपलीच होती. शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी १९७० च्या दशकात ती पुन्हा उभी केली, राजवाड्यातच कारागिरांना काम दिलं. पण कारागिराचं काम टिकतं ते विकत घेणाऱ्यांमुळे. पूर्ण संच महाग असतो. पॉकेटमनीत बसेल अशी एखादी छोटी रंगवलेली वस्तू घेतलीत, तरी कारागिराच्या हातात पुढच्या रंगाचे पैसे पडतात.

एक वही आणि दोन ‘नाही’

वस्तू आणली की वहीत लिहा: क्रमांक, नाव, लांबी-रुंदी, कुठे मिळाली, कुणाकडून, किती रुपयांना. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, ती कोण वापरत होतं. वस्तू बोलत नाही. तिच्या वतीने तुमची वही बोलेल.

दोन गोष्टींना मात्र ठाम नाही म्हणा. हस्तिदंताची वस्तू विकत घ्यायची नाही. हत्ती मारून मिळवलेला हा माल, त्याच्या व्यापारावर आपल्याकडे बंदी आहे. आणि देवळातली जुनी मूर्ती कुणी गुपचूप विकायला आणली, तर हातही लावू नका. ती बहुधा चोरीचीच असते. १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांपूर्वीच्या मूर्ती, चित्रं अशा वस्तू ‘पुरावस्तू’ ठरतात. मूर्ती असेल तर सरकारदरबारी नोंद करावी लागते आणि कुठलीही पुरावस्तू खासगी माणसाला परदेशी नेता येत नाही.

काय म्हणता, पैसे नाहीत? मग विकत घेण्यापासून सुरुवातच करू नका. माळ्यावर चढा, आजीला हाताशी घ्या. करंडा, दौत, अडकित्ता, जे सापडेल ते खाली काढा आणि आजी सांगेल ते लिहून घ्या. वहीतला पहिला क्रमांक घरातलाच असू दे. आणि हो, भंगारवाला दारात यायच्या आत!